काम हा हक्क आहे, जगण्याची अट नाही

‘दहावी झाली ना त्याची? मग अप्पा बळवंत चौकात एखाद्या पुस्तकाच्या दुकानात चिकटवून टाका. हाताला काम मिळेल, डोकंही ठिकाणावर राहील.’ स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना पुण्याच्या बुधवार पेठेत असा सल्ला द्यायला कुणाला फार विचार करावा लागत नाही. दुकानं शेकड्यांनी, माणसं सतत हवी असलेली. मग यालाच काम का नको? सल्ला देणाऱ्यांची नियत वाईट नसते, म्हणून त्यांचे मुद्दे नीट ऐकून घेतले पाहिजेत. आणि नीट खोडूनही काढले पाहिजेत.

पहिला मुद्दा: कामाने माणूस सुधारतो. कोणत्या कामाने? जून महिन्यात त्या चौकातल्या काउंटरवर उभं राहून पाहा. चार पालक एकाच वेळी याद्या पुढे करतात, ‘आठवी सेमी, पूर्ण सेट’ असं कुणी मागून ओरडतं, पैसे जमा झाल्याचं यंत्र मोठ्याने सांगतं, बाहेर टेम्पोचा हॉर्न थांबत नाही. आपला मेंदू यातलं नको ते आपोआप मागे सारतो. अनेक स्वमग्न माणसांच्या बाबतीत तसं होत नाही. प्रत्येक आवाज सारख्याच जोराने आदळतो. दिवसभर ते सोसायचं, वर चेहरा हसरा ठेवायचा, आणि घरी आल्यावर बोलणंही बंद पडायचं. याला सुधारणा म्हणायचं का?

दुसरा मुद्दा: ‘अमक्याचा मुलगा संगणकावर काम करतो, मग तुमचा का नाही?’ स्वमग्नता सर्वांत सारखी नसते. एक जण उत्तम प्रोग्रॅम लिहितो, दुसऱ्याला तिशीतही आंघोळीला मदत लागते. पहिल्याचं यश खरं आहे, त्याचं कौतुक व्हावं. पण ते दुसऱ्याला मोजायची फूटपट्टी नव्हे.

तिसरा मुद्दा सर्वांत जड: ‘आमच्यानंतर याचं कोण?’ हा प्रश्न आईवडिलांची झोप उडवतो. पण दुकानातला तुटपुंजा पगार त्याला उत्तर नाही. वेळेवर जेवायला बोलावणारं, दुखलं-खुपलं ओळखून डॉक्टरकडे नेणारं माणूस त्या पगारात येत नाही. त्यासाठी पालकत्वाची, निवाऱ्याची सोय लागते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद केली. न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत प्रौढांसाठी आयुष्यभराच्या निवाऱ्याची कल्पना आहे. अशी घरं गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत. दबाव तिथे आणायला हवा, मुलावर नव्हे.

‘पण सरकारने राखीव जागा दिल्यात की!’ दिल्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के जागा मिळाल्या. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांपैकी सुमारे ३६ टक्के लोक कामात होते, स्त्रिया तर २३ टक्केच. उरलेले सगळे आळशी होते असं कोण म्हणेल? दार अरुंद ठेवायचं आणि बाहेर राहिलेल्यालाच बोल लावायचा, हा अन्याय आहे.

मग आमचं म्हणणं काय? ज्याला काम करायचं आहे, त्याला ते मिळालंच पाहिजे, त्याला झेपेल अशा रीतीने. काउंटरऐवजी मागच्या गोदामात इयत्तावार पुस्तकं लावणं, सूचना तोंडी न देता लिहून देणं, मुलाखतीऐवजी आठवडाभर काम करून पाहणं, अर्धा दिवस, ठरलेली वेळ. याला फार खर्च येत नाही. अशा वाजवी सोयी नाकारणं हा २०१६ च्या कायद्याने भेदभाव ठरतो. याच पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. मुलींनी आधी लायकी सिद्ध करावी अशी अट त्यांनी घातली नाही. आधी दार उघडलं.

आणि ज्याला काम झेपत नाही, त्याचं जगणं तितक्याच मानाचं असलं पाहिजे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अर्थसाहाय्य २०२५ मध्ये दरमहा १५०० वरून २५०० रुपये झालं. म्हणजे दिवसाला साधारण ८३ रुपये. एवढ्यात औषधं, थेरपी, रिक्षा आणि दोन वेळचं जेवण कुणी भागवून दाखवावं. ही रक्कम जगण्याच्या खऱ्या खर्चावर ठरली पाहिजे, आणि ती मिळवताना घराने आपली गरिबी पुन्हा पुन्हा सिद्ध करत बसू नये.

तान्ह्या बाळाला आणि थकलेल्या आजीला आपण कमाई विचारत नाही, तरी त्यांचं पान घरात आधी वाढलं जातं. स्वमग्न माणसाच्या पानावर तोच हक्क आहे. तो कमावता झाला तर आनंदच आहे. नाही झाला तरी त्या हक्कात तसूभरही कमी होत नाही.