कोटणीसांचा वारसा कोणाचा?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी उत्तर चीनमध्ये अपस्माराच्या विकाराने वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे 32 वर्षांचे होते. सोलापूरच्या या तरुणाचे नाव दोन देशांत आदराने घेतले जाते. 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. हा गौरव उचितच आहे. परंतु गौरवाच्या समारंभांत एका सज्जनाचा त्याग तेवढा उरतो आणि त्यामागचा विचार सोयीस्करपणे पुसला जातो.

कोटणीस परोपकाराच्या लहरीत चीनला गेले नव्हते. 1937 मध्ये जपानी साम्राज्यशाहीने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती जू द यांच्या विनंतीवरून पंडित नेहरूंनी पुढाकार घेतला, काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले, लोकवर्गणी जमली आणि 1938 मध्ये डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. नागपूरचे डॉ. चोळकर त्यांतलेच. पारतंत्र्यातील एका राष्ट्राने दुसऱ्या पीडित राष्ट्राला दिलेला तो हात होता. वडिलांच्या निधनाची वार्ता येऊनही कोटणीस परतले नाहीत. 1941 मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला होते, ते नॉर्मन बेथून कॅनडाचे शल्यविशारद. आरोग्यसेवा ही बाजारातील वस्तू नव्हे, ती समाजाची जबाबदारी आहे, असा आग्रह त्यांनी 1936 मध्ये मॉन्ट्रियल येथे धरला होता. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींसाठी रक्त थेट आघाडीवर नेण्याची व्यवस्था उभारली. चीनमध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर 1939 मध्ये त्यांचा अंत झाला. डॉक्टरने रुग्णाची वाट पाहू नये, त्याच्यापर्यंत पोहोचावे, हे या दोघांच्याही कार्याचे सूत्र होते.

कोटणीस अखेरच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. त्या पक्षाच्या पुढील राजवटीविषयी, विशेषतः 1962 च्या आक्रमणाविषयी, समाजवाद्यांचे मतभेद जुने आणि स्पष्ट आहेत. त्यांमुळे कोटणीसांचे मोल कमी होत नाही. आणि त्यांचा वारसा केवळ दोन सरकारांच्या शिष्टाचारासाठीही नाही.

हा वारसा खरे तर आपल्याच देशात अपुरा राहिला आहे. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांना मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने 1946 मध्येच मांडले होते. 1998 पासून राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आहे. त्याच जिल्ह्यात सुरगाणा आणि पेठ हे आदिवासी तालुके आहेत. खासगी महाविद्यालयात लाखो रुपये मोजून पदवी घेणाऱ्याला ती गुंतवणूक वसूल करण्याची घाई असते. पाड्यावरचा शेतमजूर त्याच्या हिशेबात बसत नाही. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे, वैद्यकीय शिक्षणाचा व्यापार होऊ देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. 1938 मध्ये एका पराधीन देशाच्या जनतेने वर्गणी काढून डॉक्टर चीनला धाडले. स्वतंत्र देशाच्या शासनाने करांच्या पैशातून ते सुरगाण्याला धाडावेत, ही मागणी अवास्तव कशी ठरते? ती गावोगाव लावून धरणे हेच कोटणीसांचे खरे स्मरण होय.