त्याच जागी का?

मुलाच्या गळ्याला फोड आला, डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला, आठ-दहा दिवसांत जखम भरली. इथवर ठीक. पण काही महिन्यांनी तो पुन्हा त्याच जागी आला तर? आपल्याकडे उत्तरं तयारच असतात. "उष्णता वाढली", "आंबे फार खाल्ले", "रक्तच वाईट आहे". माझं म्हणणं एवढंच, की अशा वेळी मोठ्यांनी एक प्रश्न विचारावा : त्याच जागी का?

कारण कधीकधी त्याचं उत्तर जन्माच्याही आधीचं असतं.

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना त्याच्या मानेच्या बाजूंना कमानींसारखे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. माशाच्या कल्ल्यांची आठवण यावी अशा! राथके नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२५ साली डुकराच्या गर्भात त्या पाहिल्या. या कमानींतून पुढे आपला जबडा, कान, गळा घडतो. पहिल्या खाचेतून कानाची नळी होते आणि बाकीच्या खाचा बुजतात. एखादी पुरती बुजली नाही, तर आत एक बारीक वाट शिल्लक राहते. हीच गळ्याची फिस्टुला. आपल्याला हा शब्द भगंदरामुळे माहीत, म्हणून ऐकणारा दचकतो. पण मूळ लॅटिन अर्थ साधा आहे : नळी.

बहुतेक मुलांत ही वाट दुसऱ्या खाचेची असते. मानेच्या खालच्या भागात, बाजूच्या मोठ्या स्नायूच्या पुढच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं आणि अधूनमधून चिकट थेंब येतो. तिथून वाट मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीच्या दोन फाट्यांमधून जाते आणि टॉन्सिलजवळ पोचते. तिसऱ्या-चौथ्या खाचेच्या खुणा त्याहून दुर्मीळ आणि फसव्या. बाहेर छिद्र नसतंच, वाट आतून, घशातून सुरू होते, आणि बहुधा डाव्या बाजूला, थायरॉईड ग्रंथीजवळ पू होतो. या ग्रंथीत एरवी सहसा पू होत नाही. म्हणून मुलाला डावीकडे दुसऱ्यांदा तसं झालं, तर सूज ओसरल्यावर बेरियम पाजून एक्स-रे काढतात, दुर्बिणीने घसा तपासतात. शोधलं तरच सापडतं.

आता माझं मत. पू साठला असेल तर तो काढावा लागतो, त्यात डॉक्टरांची चूक नाही. पण चिरा म्हणजे इलाज नव्हे. दर वेळी पू झाला, चिरा पडला, की आत व्रण वाढतो आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. जंतुसंसर्ग शांत असताना, मुलांच्या शस्त्रक्रियेच्या जाणकाराकडून वाट मुळासकट काढणं हा बाहेर छिद्र असलेल्या फिस्टुलाचा खरा उपाय. गळ्याच्या मधोमध येणाऱ्या, जीभ बाहेर काढली की वर सरकणाऱ्या गाठीचीही हीच कथा. तिच्यासोबत जिभेखालच्या हाडाचा मधला तुकडाही काढावा, हे सिस्ट्रंक यांनी १९२० साली मांडलं. तो राहिला की गाठ परतण्याची भीती. शेतातली हरळी वरवर खुरपून भागत नाही, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

दुसरं, गळ्याला गाठ म्हणजे गंडमाळच, असं धरून चालू नये. आपल्या देशात क्षयाची शंका रास्तच आहे, पण तपासणी करून खात्री झाल्याशिवाय लेकराला महिनोन्‌महिने त्याच्या गोळ्या का द्याव्यात?

तिसरं सगळ्यात जिव्हारी लागणारं. "ग्रहणात भाजी चिरलीस ना, म्हणून!" अहो, या खाचा घडतात-बुजतात त्या सुमारास त्या बाईला दिवस गेल्याची नुकती कुठे चाहूल लागलेली असते. तिच्या विळीचा आणि लेकराच्या गळ्याचा काही संबंध नाही. हं, काही घराण्यांत हे पिढीत उतरतं. त्यामुळे नातेवाईक मंडळींनो, कुणाच्या कानापुढे जन्मापासून बारीक भोक असेल, कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल, तर लपवू नका. गळ्याच्या फिस्टुलासोबत अशा खुणा असल्या, तर डॉक्टर मुलाचं ऐकणं आणि मूत्रपिंडंही तपासून घेतात.

शाळेतल्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांनाही एक सांगणं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत, शाळेत येऊन मुलं तपासतात. भर उन्हाळ्यात गळ्याचं बटण लावून बसणारं, रुमाल गुंडाळून येणारं मूल वर्गात रोज दिसतं ते शिक्षकाला. त्याला चारचौघांत काही विचारू नका. पथक आलं की हळूच दाखवा.

आणि आईवडिलांनो, एक वही करा. फोड कधी आला, कोणत्या बाजूला, कितव्यांदा, चिरा कधी दिला, एवढंच लिहा. दर वेळी नवा डॉक्टर, नवा कागद; त्यामुळे तिसरा फोडही पहिलाच ठरतो. तारखा एका पानावर आल्या, की "त्याच जागी का?" हा प्रश्न तुमच्याआधी डॉक्टरच विचारतील.