दोष यंत्राचा नव्हे, मांडणीचा



मागील अंकातील पत्रलेखकाने संगणकावरच्या तंबोऱ्याला आणि तबल्याला ‘प्लॅस्टिकचे सूर’ ठरवून निकालात काढले. त्यांची तक्रार खरी आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याचेच घ्या. छेडलेली तार घोडीच्या किंचित गोलसर माथ्याला घासत राहते आणि तार व घोडी यांमधला दोरा नेमक्या जागी असला, की एकामागून एक उपस्वर उमलतात; हीच जवारी. सॉफ्टवेअरमध्ये तारेचे एकच ध्वनिमुद्रण फिरवत ठेवले, तर दर वेळी तंतोतंत तेच ऐकू येते आणि कान विटतो. एकाच तारेच्या चार-सहा निरनिराळ्या छेडी भरल्या, सोबत उरलेल्या तारांची गुंजही ठेवली, तर जवारीचा आभास येतो.

तबल्याचे तसेच. तबल्याच्या तोंडावरच्या काळ्या लेपामुळे, म्हणजे शाईमुळे, उपस्वर सुरेल होतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच मांडले. पण डग्ग्याचा ‘घे’ मनगटाच्या दाबाने वर चढतो. नुसता आवाज वाढवून तो उमटत नाही. जोराची थाप मोठी असते तशी खुलीही असते, म्हणून मिडीतील (संगणकाला सूर कळवणाऱ्या पद्धतीतील) 1 ते 127 या जोराच्या पायऱ्यांना वेगवेगळी ध्वनिमुद्रणे जोडावी लागतात.

सतारीची मींड? सॉफ्टवेअरमध्ये सूर वर-खाली सरकवणारा पिच बेंड सहसा दोनच अर्धस्वरांवर असतो. तो वाढवायलाच हवा.

कामोठ्यातल्या फ्लॅटमध्ये बसून संगीत रचणाऱ्या मुलांना पत्रलेखकाने नाउमेद करू नये. त्यांना आधी खरा तंबोरा जवळून ऐकवावा.

— एक वाचक, कामोठे (पनवेल)