क्रोशाची सुई आणि प्रवाळ

मंडळी, थोडं कडू बोलतो. हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्यातले हुशार लोक लगेच आकडे काढतात: कार्बन, सोलर पॅनल, रिबेट. मीही त्यातलाच, आयटीवाला. पण त्यावर कुणी चित्र काढलं, विणलं, गायलं की आपण म्हणणार, "हौस हो! त्यानं तापमान थोडंच उतरणार?" हे मला अजिबात पटत नाही.

ब्रिस्बेनच्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये क्रोशाच्या सुईने प्रवाळ विणायला घेतलं, ग्रेट बॅरियर रीफच्या काळजीपोटी. प्रवाळाची झालरीसारखी वळणं म्हणजे हायपरबोलिक भूमिती. ती क्रोशाने विणता येते हे डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये दाखवलं होतं. ओळीगणिक टाके वाढवत जायचे, बस्स! आपल्या आज्या रुमालाच्या झालरीला हेच करत. २०१९ मध्ये हे विणकाम व्हेनिसच्या बिएनालेत मांडलं गेलं.

रीफ मात्र २०१६ ते २०२४ दरम्यान पाच वेळा पांढरी पडली. विणून ती वाचली नाही, कबूल. पण आकड्यांनी तरी कुठे वाचवली? गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. नुसता खराटा पुरे, असं त्यांना वाटलं नाही.

२०१९-२० च्या वणव्यांत आपण धूर गिळला, मुलांना घरात कोंडलं. त्यावर आमच्या मंडळात एक पोवाडा नाही, एक नाटुकलं नाही! कमिटीला एवढंच सांगणं, यंदा रांगोळी स्पर्धेला पुन्हा 'मोर' ठेवू नका.