पुनर्जनन वैद्यक आणि सातपुड्याची लेकरे

शरीरातील निकामी पेशींच्या जागी निरोगी पेशी रुजविणारे शास्त्र म्हणजे पुनर्जनन वैद्यक. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा त्याचा रुळलेला उपयोग. भारतात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ते प्रथम यशस्वी केले.

पुरुषोत्तमनगर परिसरात या शास्त्राचे मोल आम्हांस सिकलसेलमुळे कळते. सातपुड्यातील भिल्ल-पावरा बांधवांत आणि विदर्भातील आमच्या बौद्ध समाजात हा आनुवंशिक आजार आढळतो. प्रत्यारोपणाने तो बरा होऊ शकतो. पण सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने रुग्णाच्याच मूळपेशींत जनुकीय बदल करणाऱ्या उपचारास मान्यता दिली. त्याची तेथील किंमत मात्र २२ लाख डॉलर!

ज्ञान मूठभरांच्या दारी थांबले की त्याची मिरासदारी होते, ही इतिहासाची साक्ष आहे. म्हणून प्रत्यारोपणाची सोय शासनाने आदिवासी जिल्ह्यांच्या आवाक्यात आणावी. तोवर वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीची सिकलसेल तपासणी व्हावी. मात्र वाहक ठरलेल्यास कोणी रोगी समजून कमी लेखू नये. रक्तावरून माणसाची प्रत ठरविणारी व्यवस्था आम्ही नाकारली आहे; ती प्रयोगशाळेच्या कागदावरून परत येता कामा नये.