पूर्वपक्ष ऐकायलाच हवा

पोलंडमधील ‘बेहेमथ’ या बँडचा ‘द सेटनिस्ट’ हा गीतसंग्रह २०१४ मध्ये आला आणि ‘ब्लॅकन्ड डेथ मेटल’ या कर्कश, उग्र संगीताच्या श्रोत्यांत दोन तट पडले. रक्ताच्या कर्करोगातून वाचलेल्या गायक नेरगालच्या जीवनेच्छेचा हा हुंकार, असे एकांचे मत. ही श्रद्धेची निव्वळ विटंबना, असे दुसऱ्यांचे. याच गायकाने २००७ मध्ये ग्डिनिया येथे भर मंचावर बायबल फाडले होते. खटला चालला, अखेर तो निर्दोष सुटला.

न्यायालयाने सोडले, म्हणून ते कृत्य समर्थनीय ठरत नाही. ग्रंथ फाडणे म्हणजे ग्रंथाचे खंडन नव्हे. परंतु जेथे नकार हेच पाप मानले जाते, तेथे नकार सैतानाचा मुखवटा धारण करतो, हेही तितकेच खरे. आपल्याकडे माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा आरंभच चार्वाकमताने होतो. नास्तिकालाही आधी बोलू देण्याचे हे धैर्य आपला वारसा आहे.

घरातील तरुण असे संगीत ऐकत असेल, तर त्याच्यावर डाफरण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. पूर्वपक्ष जाणल्याविना उत्तरपक्ष उभा राहत नाही.