मुदतवाढ द्या, पण तारीख लिहून

वेबसाइट बांधण्याच्या ड्रुपल या मुक्त प्रणालीच्या सातव्या आवृत्तीचा, म्हणजे ड्रुपल ७ चा, अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. मुळात तो नोव्हेंबर २०२१ मध्येच संपायचा होता. करोनामुळे मुदत वर्षभर वाढली, नंतर आणखी दोनदा. तरीही अनेक ग्राहक त्याच आवृत्तीवर आहेत आणि ‘आता काय करायचं?’ असे आपल्याला, म्हणजे त्यांच्या साइट सांभाळणाऱ्यांना, विचारत आहेत.

त्यांची अडचण खोटी नाही. ड्रुपल ८ सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचा आधार घेऊन नव्याने घडवले गेले. जुनी मॉड्यूल्स आणि थीम्स त्यावर चालत नाहीत, त्यामुळे साइट जवळजवळ पुन्हा बांधावी लागते. लहान संस्थेला हा खर्च एका वर्षात पेलत नाही. मात्र अवघड टप्पा हा एकच आहे. ८ वरून ९ वर जाणे त्या मानाने सोपे होते. हे ग्राहकाला समजावून सांगणे आपले काम आहे.

धोकाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एसक्यूएल इंजेक्शनची त्रुटी पॅचसह जाहीर झाली. सात तासांत पॅच लावला नसेल, तर साइट फोडली गेली आहे असेच समजा, असे सुरक्षा पथकाने नंतर बजावले. तेव्हा निदान अधिकृत पॅच तरी मिळाला होता; आता तोही मिळणार नाही.

म्हणून अधिकृत मुदतीनंतर आपण द्यायचा विस्तारित सपोर्ट ही जबाबदारीची सेवा आहे. नवी त्रुटी जुन्या कोडला लागू होते का ते तपासणे, नव्या आवृत्तीचा पॅच जुन्या कोडला जुळवून बसवणे, त्याची चाचणी घेणे, खालचे पीएचपी आणि डेटाबेस सांभाळणे, या कामाचे पैसे जरूर घ्यावेत. पण नुसता सर्व्हर चालू ठेवून वार्षिक देखभाल कराराचे (एएमसी) बिल लावणे ही फसवणूक आहे.

आमचे म्हणणे असे: मुदतवाढीचा करार स्थलांतराच्या कराराला जोडूनच करा. सपोर्टमध्ये काय येते, काय येत नाही आणि तो कधी संपतो, हे त्यात लिहा. दर वर्षागणिक वाढता ठेवा, म्हणजे थांबून राहणे स्वस्त वाटणार नाही. तयार केलेले पॅच सर्वांसाठी खुले करा. ज्या मुक्त कोडवर आपला व्यवसाय उभा आहे, त्याचे एवढे देणे आपण लागतो. तारीख लिहून द्यायला ग्राहक तयार नसेल, तर ते काम नाकारण्याचे धैर्य दाखवा. त्या साइटवर ज्यांची माहिती साठवली आहे, ती माणसे आपल्या करारात कुठेच नसतात. त्यांच्या वतीने बोलणारे त्या बैठकीत फक्त आपणच असतो.